त्रेसष्टचा गोटा

एखादी गोष्ट कधीच बदलणार नाही असं सांगायचं असलं की आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्यानं सरकारी सडकेवरचा मैलाचा दगड पाहिला नसावा. तो आधी चुन्यानं पांढरा करतात, मग त्यावर काळ्या रंगानं आकडा काढतात, आणि वरच्या एखाद्या साहेबाच्या मनात आलं की तोच आकडा पुन्हा चुन्याखाली जातो. चिंधूचं सगळं आयुष्य अशा एका दगडाच्या भरवशावर उभं होतं. त्याला कोणी शहाणपण सांगितलं नाही असं नाही, सगळ्यांनी सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

चिंधू साकोलीकडचा, धानाच्या मुलखातला. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला चिंध्यांत गुंडाळून मुद्दाम असलं नाव ठेवलं, की सटवीनं याच्याकडं ढुंकूनही पाहू नये. युक्ती लागू पडली आणि चिंधू जगला. आपल्या लेकीच्या वेळी मात्र अशी काही युक्ती करायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याची बायको पंचफुला बाळंतपणाला माहेरी गेली होती. पोरगी झाली, आणि पाठोपाठ निरोप आला की पोर दूध ओढत नाही, लवकर या. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी चालली होती, आभाळ भरून होतं, मजूर मिळत नव्हते. एवढी बांधी रोवून झाली की निघतो, असा उलटा निरोप चिंधूनं पाठवला. तो पोचला तेव्हा पोरीला पुरून आले होते, आणि पंचफुला भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"तुमचं तोंड पाह्याची इच्छा नाई मले," ती वळून न बघता म्हणाली. "आता तुमी इकडं यायचं नाई. मनात आलं तर मीच येईन."

यातलं शेवटचं तेवढं चिंधूनं उचललं. बाकीचं रागाचं आणि हे खरं, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो, मग ते गवत का असेना. पण ती येणार, तर आपण कुठं आहोत हे तिला ठाऊक पाहिजे. चिंधूच्या आयुष्यात तिथून पुढं एवढं एकच काम उरलं: सापडेल अशा जागी राहणं.

अवघड म्हणजे, पोटासाठी त्याला गाव सोडावं लागलं. सत्तावन सालची ही गोष्ट. दुर्गच्या पुढं भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहत होता आणि त्यासाठी आगगाडीत न मावणारी अवजड सामग्री सडकेनं येत होती. सडक बिचारी बैलगाड्यांच्या काळातली. ती रुंद करायला बांधकाम खात्यानं गँग लावल्या, आणि अशा एका गँगमध्ये चिंधू आणि त्याचा गाववाला सुखराम गिट्टी पसरायला लागले. सडक तीच होती. पंचफुलाच्या माहेराच्या वेशीवरून जी सडक जात होती, तीच पुढं देवरी, नांदगाव, दुर्ग करत भिलाईला येत होती. या गोष्टीचा चिंधूला फार आधार वाटायचा. सडकेला दोनच टोकं असतात आणि ती एकमेकांपासून तुटत नाहीत, असं तो सुखरामला सांगायचा. सुखराम म्हणायचा, सडक नाई तुटत, पण चालणाऱ्याचे पाय तुटते.

सडकेला सरकारनं सहा नंबर दिला होता. जुने लोक जी. ई. रोड म्हणत, ट्रकवाले नुसतंच सहा नंबर म्हणत. चिंधूनं पहिला निरोप धाडला तो असाच, की सा नंबरवर आहो, भिलाईत. निरोप ऐकून त्याचा एक चुलतभाऊ कामाच्या आशेनं निघाला. तोवर इकडं कारखान्याच्या वसाहतीची आखणी होऊन तिच्या भागांना सेक्टर एक, सेक्टर दोन असे नंबर पडले होते. चुलतभावानं सहा नंबर कुठं म्हणून विचारलं, तर लोकांनी त्याला सेक्टर सहात पाठवलं. तिथल्या विटांच्या ढिगांत दिवसभर हिंडून गडी परत गावी गेला आणि चिंधू थापा मारतो असं सांगत सुटला. तेव्हा चिंधूला कळलं की नंबराचाही नंबर लागतो. ठाम काहीतरी हवं. जागेवरून न हलणारं.

ते त्याच्या झोपडीसमोरच होतं. गँगची झोपडी सडकेच्या कडेला, एका करंजाखाली, आणि तिच्या समोर मैलाचा दगड. आधी म्हणे त्याच्यावर नागपूरपासूनचा आकडा होता. मग राज्यांची वाटणी झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, आणि खात्यात ठरलं की मैल आता नव्या हद्दीपासून मोजायचे. आकडे काढायला मारोतराव पेंटर आले. ते मूळचे भंडाऱ्याचेच, तोंडात तंबाखू आणि हातात ब्रश असा माणूस. चिंधूनं दगडाला चुना लावून दिला आणि तो वाळल्यावर मारोतरावांनी त्यावर दोन आकडे काढले.

"का लिवलं जी?" चिंधूनं विचारलं.

"त्रेसष्ट," मारोतराव म्हणाले. "छत्तीसचा आकडा म्हणते ना आपल्यात, भांडलेल्या माणसाईले? तीन आन सहा, पाठीले पाठ लावून बसलेले. आन आपण येऊन पडलो छत्तीसगडात. पण तुह्या दारातला हा पाह्य. सहा आंदी, तीन मागून. तोंडाले तोंड."

चिंधू वाकून बघत राहिला. ६३. खरंच, दोघं समोरासमोर बसलेले होते. मारोतरावांनी गंमत म्हणून सांगितलं आणि ते पुढच्या दगडाकडं गेले. चिंधूनं ते काळजात ठेवून घेतलं. अक्षरशत्रू माणसाला एक आकडा आला की तो पंडित होतो, तसं त्याचं झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दगड दाखवायचा. लोक म्हणत, चिंधूला मैलाचा देव पावला.

केवलराम नावाचा साकोलीचा ड्रायव्हर तांदळाचा ट्रक घेऊन नागपूर-रायपूर करायचा. झोपडीपाशी थांबून पाणी प्यायचा. चिंधूनं त्याच्याकडून खडूनं त्याच्याच हातावर ६३ काढून घेतलं, नीट तपासलं आणि म्हटलं, "पंचफुलाले हे दाखवजो. म्हणा, सडकेनं येजो आन हे लिवलेला गोटा दिसला का उतरजो. समोरच झोपडी हाय माही. आन सांगजो, दोघं तोंडाले तोंड लावून बसून हायेत."

केवलराम पंधरवड्यानं परत आला. त्यानं पंचफुलाच्या उंबऱ्याशी खडूनं आकडा काढून निरोप सांगितला होता. ती घरात निघून गेली. चिंधूचा चेहरा उतरला. पण त्याच्या पुढच्या खेपेला केवलराम हसत आला. म्हणाला, "घर सारवून होतं, भाऊ. पण आकडा तसाच. तेवढा चौकोन सोडून सारवलं तिनं."

एवढ्यावर चिंधू सहा वर्षं जगला. खोटं वाटेल, पण माणसं याहून कमी गोष्टीवर जगलेली आहेत.

त्या सहा वर्षांत भिलाईत काय नाही झालं. भट्ट्या पेटल्या, रात्रीचं आभाळ तांबडं व्हायला लागलं, कँपात बाजार भरला, सेक्टरांत क्वार्टर उभी राहिली. गँगमधले गडी एकेक करून कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले. सुखराम लागला, त्याला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं, नळाचं पाणी आणि विजेचा दिवा. त्यानं चिंधूसाठीही शब्द टाकला. भरतीचा साहेब घ्यायला तयार होता, नुसतं जाऊन उभं राहायचं होतं. चिंधू गेला नाही.

सुखरामची बायको सिंधुताई तोंडाची फटकळ. ती एकदा झोपडीवर आली आणि म्हणाली, "कावून येत नाई जी तुमी? पक्कं घर सोडून गोट्याजवळ बसून राहिले. गोटा का भाकर थापून देते तुमाले?"

"ती आली न मी नसलो तं?" चिंधू म्हणाला. "सेक्टरात सारी घरं सारखी. तिले कोन दाखवन?"

"आन नाईच आली तं?"

"चौकोन सोडून सारवते ती," चिंधू म्हणाला.

सिंधुताई डब्यातली भाजी ठेवून निघून गेली. चिंधू गँगमध्येच राहिला. रोजंदारीवर, पावसात गळणाऱ्या झोपडीत. दर दिवाळीला तो दगडाला चुना लावायचा आणि आकड्यांवर चुना उडू नये म्हणून बोटानं पुसत बसायचा. एक नवं लुगडं मात्र त्यानं घेऊन ठेवलं होतं, हिरव्या काठाचं. त्याला कसर लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा आणि दरवर्षी बदलायचा.

मग मापं बदलायला लागली. आणे जाऊन नवे पैसे आले, शेर जाऊन किलो आला. चिंधूला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी एका उन्हाळ्याच्या तोंडाशी मेट, म्हणजे गँगचा मुकादम, सांगत आला की आता मैलही गेले. किलोमीटर आले. सगळे दगड उपटायचे आणि नव्या मापानं रोवायचे. गँगनं सबली, म्हणजे पहारी, उचलल्या. करंजासमोरचा दगड उपटायची पाळी आली तेव्हा चिंधू पुढं झाला. दुसऱ्या कोणी त्याला सबल लावावी हे त्याला सोसलं नसतं. दगड निघाला, थोडा दुर्गच्या बाजूला नेऊन रोवला, आणि म्हातारे झालेले मारोतराव ब्रश घेऊन बसले. त्यांनी काढलेला आकडा चिंधूला ओळखू आला नाही. मधे एक भोपळा आणि दोन बाजूंना दोन सारखीच चिन्हं. एकशे एक.

"आन त्रेसष्ट?" चिंधूनं विचारलं.

"त्रेसष्ट आता मागं गेलं, बापा. नांदगाव सोडलं का उघडा माळ लागते ना, तठी. हद्दीकडून काम करत आलो आमी. तो गोटा रोवून झाला महिना दीड महिना."

चिंधूनं मनाला समजावलं, सहा वर्षं आली नाही ती नेमकी याच महिन्यात कशाला येईल. केवलराम आला की नवा आकडा धाडू, म्हणजे झालं. केवलराम मात्र येत नव्हता. त्याच्या शेटनं त्याला जबलपूरच्या लाइनीवर घातलं होतं. चिंधू जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या तोंडाकडं बघत राहायचा, आणि त्याचं कामात लक्ष लागेना.

आंबे उतरायच्या दिवसांत एकदाचा केवलराम आला. ट्रकमधून उतरला तो हातात जिलेबीचा पुडा घेऊन, हसत.

"कुठी हाय वहिनी? आता पाणी नको मले. आज वहिनीच्या हातचा चहा पाहिजे."

केवलरामनं झोपडीत डोकावलं. आत एक चूल, दोन भांडी आणि खुंटीला गाठोडं. त्याचं हसू विरलं. त्यानंच पंचफुलाला गाडीत बसवून दिलं होतं. जबलपूरला जायच्या आधी तो तिच्या गावावरून चालला होता, तर ती स्वतः गाठोडं घेऊन सडकेवर उभी. भाऊ नको म्हणत असताना निघालेली. केवलरामचा ट्रक वाटेत देवरीला बिघडला, म्हणून त्यानं तिला पुढच्या मोटारीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, त्रेसष्टला उतरवजो.

"भिलाई नाई सांगतली तू?" चिंधूनं विचारलं.

"सांगत होतो," केवलराम म्हणाला. "तीच म्हणे, मले आकडा ठाऊक हाय. मी वळखतो."

चिंधू त्याच ट्रकमध्ये चढला नाही, कारण तो रायपूरकडं तोंड करून उभा होता. उलट्या बाजूची पहिली गाडी मिळाली तिच्या टपावर चढून तो नांदगावकडं निघाला.

त्रेसष्टचा दगड त्याला लांबूनच दिसला. तोंडाला तोंड लावून बसलेले दोघे, नव्या रंगात तेच, आणि चारी बाजूंना नजर जाईल तिथवर माळ. कुठं झाड नाही, घर नाही. सडकेच्या पलीकडं ताडपत्रीच्या आडोशाला एक म्हातारी चहा आणि फुटाणे विकत बसली होती. छत्तीसगडी बाई. चिंधूनं विचारताच तिला आठवलं.

"एक झन बाई आय रिहिस, बेटा," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवता ठेवता सांगायला लागली. दगड सकाळीच रोवला होता, रंग ओला होता, आणि दुपारच्या मोटारीतून ती बाई उतरली. उतरली ती हसतच. दगडाला हात लावून बघितला. मग समोर बघितलं, मागं बघितलं, आणि विचारलं की इथं चिंधू नावाचा माणूस कुठं राहतो. म्हातारीनं सांगितलं, इथं तर कोणीच राहत नाही, मीसुद्धा संध्याकाळी गावात जाते. बाईला ते पटेना. ती दगडाला पाठ टेकून बसली. लुगड्याला काळा रंग लागला तरी तिला कळलं नाही. म्हातारी तिला आपल्या घरी निजायला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई पुन्हा दगडापाशी, पुन्हा मोटारी बघत. कोणी उतरलं नाही.

"मंग?" चिंधू म्हणाला.

मग म्हणे तिनं कडेची एक वाळकी काडी उचलली, दगडासमोर उभी राहिली, काडी मधोमध मोडली, दोन्ही तुकडे दगडाच्या डोक्यावर ठेवले आणि परतीची मोटार धरली. म्हातारीला त्यातलं काही समजलं नव्हतं. तिच्या मुलखात काडी मोडली म्हणजे चूल पेटवायची असते. दगडावर तुकडे वाया जातील म्हणून तिनं ते उचलून चुलीत घातले होते.

चिंधूच्या मुलखात काडी मोडली म्हणजे नवरा-बायकोचं नातं मोडतं. ते पंचांपुढं मोडायचं असतं. इथं पंच कुठले असणार. म्हातारीनं पुढं केलेला चहा त्यानं घेतला, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर तो रडला असता. मात्र आशा अशी चिवट, की तीही त्याला सोडेना. तिला काय झालं ते माहीत नाही, ते सांगितलं तर ती समजेल, असं त्याला वाटलं. येऊ नका म्हणाली होती तो शब्द मोडून तो त्याच सडकेनं हद्द ओलांडून तिच्या गावी गेला.

पंचफुलाचा भाऊ भैयालाल ओसरीवर दोरी वळत होता. त्यानं चिंधूला पाणी दिलं, आणि बसा चिंधूभाऊ म्हणाला. आजवर तो जवाई म्हणायचा. तेवढ्यावरच चिंधूला सगळं कळायला हवं होतं, पण तो बोलत सुटला. मैल गेले, किलोमीटर आले, गोटा उपटला, दुसरीकडं रोवला, मी माझ्या हातानं उपटला, तिचा गोटा वेगळा आणि माझा वेगळा. स्वतःलाच ते ऐकायला कसं वाटतंय हे त्याच्या ध्यानात येत होतं, तरी तो थांबला नाही.

भैयालालनं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"पाट लावला तिचा, चैतात," तो शेवटी म्हणाला. "तिरोड्याकडं दिली. मी घेत नव्हतो मनावर, तीच म्हणे लावून द्या. आली तं आली, पाठीले काळं लावून आली. साऱ्या गावानं पाह्यलं."

"पण मी होतो ना, भैयालालभाऊ. गोट्यापाशीच होतो. गोटाच हलला."

भैयालालनं हातातली दोरी खाली ठेवली आणि त्याच्याकडं नीट बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"माणूस हलते, चिंधूभाऊ," तो म्हणाला. "गोटा कुठी हलते का?"

गोटा हलला हेच खरं होतं आणि तेच खोटं ठरलं होतं. उठताना त्याची नजर उंबऱ्याकडं गेली. सारवण ताजं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कुठंही चौकोन सोडलेला नव्हता.

तो भिलाईला परत आला, कारण जायला दुसरी जागा नव्हती. सुखरामनं पुन्हा साहेबाला गाठलं, पण कारखान्याची भरती आटोपली होती आणि चिंधूचं वयही उलटलं होतं. हिरव्या काठाचं लुगडं त्यानं सिंधुताईला नेऊन दिलं. तिनं ते घडीसकट पेटीत ठेवलं, नेसली नाही. चिंधू गँगमध्येच राहिला. दिवाळी आली की बाकीच्या दगडांबरोबर तो एकशे एकच्या दगडालाही चुना लावायचा, पण आकड्यांवर चुना उडाला तर आता पुसत बसायचा नाही.